ब्लॉगचा पत्ता बदलल्यावर जुन्या मराठी लिंका का तुटतात आणि त्या कशा जोडायच्या

जुन्या पत्त्यावरून मुखपृष्ठ नव्या ठिकाणी बरोबर पोचतं. 'संपर्क', 'माझ्याविषयी' अशी रोमन अक्षरांतल्या पत्त्याची पानंही पोचतात. पण मराठी शीर्षकाच्या लेखाची जुनी लिंक दाबली की समोर येतं, 'पान सापडलं नाही'. एक लिंक जोडावी तर महिन्याभरात दुसरीची तक्रार येते. ब्लॉग नव्या नावावर नेणाऱ्या मराठी माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवायचं ठरवलं.

आधी माझं सांगते. मी मुंबईतल्या जागांवर लिहिते : चाळी, गिरण्या, खानावळी, तलाव, पूल. २००९ साली ब्लॉगरवर सुरुवात केली, पुढे वर्डप्रेसवर गेले, आणि नंतर जुनं लांबलचक नाव सोडून छोटं नवं डोमेन घेतलं. सोबत नवी थीमही, म्हणजे ब्लॉगचं नवं रूपही, बसवलं. सगळं एका शनिवार-रविवारात उरकलं आणि सोमवारी संध्याकाळी वाळकेश्वरहून एका वाचक काकांचा फोन आला. "अहो, तुमचा तो बाणगंगेचा लेख मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, तो आता कुणाचाच उघडत नाहीये. काढून टाकलात का?"

काढून टाकलात का, हा प्रश्न मला फार लागला. लेख जागेवरच होता. त्याच्याकडे जाणारी वाट मी बुजवली होती.

मुंबईत राहणाऱ्याला रीडायरेक्ट समजवायला फार सायास पडत नाहीत. १९९६ साली व्हीटीचं सीएसटी झालं, २०१७ मध्ये त्या नावात 'महाराज' आलं, तरी आजही टॅक्सीत बसून 'व्हीटी' म्हटलं की टॅक्सी तिथेच जाते. जुनं नाव ऐकून माणसाला नव्या जागी नेणं, एवढंच ते काम. सर्व्हरच्या, म्हणजे ब्लॉग जिथे ठेवलेला असतो त्या संगणकाच्या, भाषेत कायमच्या बदलाला ३०१ म्हणतात, तात्पुरत्याला ३०२. पान सापडलंच नाही तर ४०४. घोळ होतो तो सर्व्हरला जुनं नाव नीट ऐकूच येत नाही म्हणून, आणि मराठी पत्त्यांच्या बाबतीत ते ऐकू न येण्याची कारणं थोडी वेगळी आहेत.

आधी पत्त्याच्या पट्टीकडे बघा

तुटलेली लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. साध्या खिडकीत नको, कारण ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. काल चुकीचं रीडायरेक्ट केलं असेल आणि आज दुरुस्त केलं असेल, तरी तो कालच्याच वाटेने नेतो, आणि आपण तासभर डोकं धरून बसतो. म्हणूनच मी पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम ३०२ ठेवते आणि सगळं तपासून झालं की ३०१ करते.

पान न सापडल्याचा निरोप आला की वर पट्टीत डोमेन कोणतं आहे ते वाचा. जुनंच नाव असेल तर सर्व्हरला तो पत्ता ओळखताच आला नाही, म्हणजे रीडायरेक्टच्या नियमात चूक आहे. नवं नाव असेल तर रीडायरेक्ट झालं, पण नव्या घरात त्या नावाचा लेख नाही, म्हणजे लेखाचा पत्ताच बदललाय. आणि पत्त्यात टक्क्याच्या चिन्हापुढे २५ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो तिसराच आजार आहे. या एका नजरेत निम्मं निदान होतं.

एक पळवाट पुष्कळ जण काढतात : सगळे जुने पत्ते सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवायचे. कृपा करून हे करू नका. वाचकाला बाणगंगा हवी होती, तुम्ही त्याला दारात आणून सोडून दिलंत. गुगलही असं वळवणं बहुतेक वेळा 'पान नाही' असंच धरतं.

टक्क्यांची भानगड

ब्राउझर आपल्याला पत्ता देवनागरीत दाखवतो, पण पाठवतो तो टक्क्यांच्या सांकेतिक रूपात. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि एकेक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे नुसता 'क' पत्त्यात %ई०%ए४%९५ असा नऊ जागा खातो (मूळ पत्त्यात ई आणि ए रोमन असतात). काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं आहेत आणि प्रत्येकाला नऊ जागा लागतात.

व्हॉट्सॲपवरून लिंक कॉपी केली की हाच टक्क्यांचा डोंगर हाती येतो. कुठला पत्ता कुठे वळवायचा याचे नियम सर्व्हरवरच्या डॉट एचटीॲक्सेस नावाच्या फाइलमध्ये लिहितात. आपण तो डोंगर तसाच उचलून तिथल्या नियमात चिकटवतो, आणि इथेच पहिली चूक होते. अपाची हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर नियमाशी तुलना करण्याआधी पत्ता उलगडून परत देवनागरी करतं. त्याच्या हातात 'बाणगंगेच्या' असतं आणि नियमात टक्के असतात. दोन्ही कधीच जुळत नाहीत. डाव्या बाजूला, म्हणजे जुना पत्ता ओळखण्याच्या जागी, सरळ देवनागरी लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड जतन करायची पद्धत), सुरुवातीच्या अदृश्य बीओएम खुणेशिवाय जतन करा. माझ्या जवळपास साठ लिंका एवढ्या एका बदलाने जाग्या झाल्या.

उजव्या बाजूला, नव्या पत्त्याच्या जागी, उलटा प्रकार होतो. तिथे टक्के लिहिले तर सर्व्हर टक्क्याच्या चिन्हालाच पुन्हा सांकेतिक करतो, त्याचं %२५ होतं, आणि %ई०च्या जागी %२५ई० तयार होतं. वर म्हटलेला तिसरा आजार तो हाच. नियमाच्या शेवटी चौकटी कंसात एनई हा ध्वज टाकला की सर्व्हर त्या पत्त्याला पुन्हा हात लावत नाही.

बाकी प्रत्येक लेखासाठी वेगळा नियम लिहायची गरज नसते. नुसतं डोमेन बदललं असेल आणि लेखांचे पत्ते तेच असतील, तर जुन्या नावापुढचं सगळं जसंच्या तसं नव्या नावापुढे नेणारी एकच ओळ पुरते. वेगळे नियम फक्त पत्ता बदललेल्या लेखांसाठी लिहायचे, आणि ते त्या सरसकट ओळीच्या वर. खाली लिहिलेत तर त्यांच्यापर्यंत पाळीच येत नाही.

'ऱ्या' : डोळ्यांना एक, सर्व्हरला दोन

काकांची लिंक एवढं करूनही उघडली नाही. लेखाचं नाव 'बाणगंगेच्या पायऱ्या'. नियमात तेच, पत्त्यात तेच, नव्या ब्लॉगवर तेच. मी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून मोठ्या अक्षरात बघितले, काडीचाही फरक नाही. शेवटी एकेक चिन्ह मोजलं. नव्या ब्लॉगवरच्या 'पायऱ्या'त सात चिन्हं होती आणि जुन्या पत्त्यातल्या 'पायर्‍या'त आठ.

मराठीतला हा अर्धा र, ज्याला आपण डोळ्याची पापणी म्हणतो, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढे य. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. कोणता कीबोर्ड वापरता त्यावर कोणता उमटेल ते ठरतं. जुने लेख मी घरच्या संगणकावर एका टंकन-साधनाने लिहिले होते, नंतरचे फोनवर. त्यातून ते अदृश्य चिन्ह पत्त्यात कधी टिकतं, तर कुठलं सॉफ्टवेअर ते मधल्यामध्ये गाळून टाकतं. हिंदीवाल्यांना हा त्रास फारसा होत नाही, कारण त्यांना ही पापणी लागतच नाही. म्हणून इंग्रजी-हिंदी मदतपानांवर याचा उल्लेख सापडत नाही, आणि आपला माणूस तिथेच अडकून पडतो.

उपाय सोपा आहे, फक्त कारण कळायला हवं. ज्या शीर्षकांत दुसऱ्या, कोपऱ्यावर, किनाऱ्यावर, पायऱ्या, वाऱ्याची असे शब्द आहेत त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचे दोन्ही प्रकारचे पत्ते नव्या पानाकडे वळवा. जुना पत्ता हाताने टाइप करू नका. व्हॉट्सॲप, ईमेल, जुना बॅकअप, जिथून मिळेल तिथून मूळ लिंक घ्या, ती उलगडा आणि तीच चिकटवा. टाइप केलंत की तुमचा आजचा कीबोर्ड आजचा 'ऱ्या' देणार.

दोनशे जागांनंतर कात्री

वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला जास्तीत जास्त दोनशे जागा मिळतात. इंग्रजीला त्या भरपूर झाल्या. आपल्याला चिन्हामागे नऊ लागतात, म्हणजे बावीस चिन्हं झाली की संपलं. 'लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भोंग्यांची आठवण' असं माझं एक शीर्षक होतं. त्याचा पत्ता 'लालबाग-परळच्या-गिरण्यांच' इथे तुटला. भोंगे नाहीत आणि आठवणही नाही.

एवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते 'लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चाळी' हा दुसरा लेख लिहिल्यावर. त्याचाही पत्ता कापून तोच होतो, म्हणून वर्डप्रेस त्याला शेवटी २ जोडतं. आता ब्लॉग हलवताना लेख नव्याने आयात झाले, पत्ते शीर्षकावरून पुन्हा तयार झाले आणि चाळींचा लेख आधी आत आला, तर बिनआकड्याचा पत्ता त्याला मिळतो. जुनी लिंक उघडते, ४०४ येत नाही, पण भोंग्यांच्या जागी चाळी निघतात. ही चूक कुठल्याच नोंदीत दिसत नाही, वाचकाने सांगितलं तरच कळते. शीर्षकाची सुरुवात सारखी असलेले लेख हाताने उघडून बघणं एवढाच यावर इलाज आहे.

नव्या लेखांना मी आता रोमन अक्षरांत छोटा पत्ता देते. शीर्षक पूर्ण मराठी, पत्ता दोन-तीन शब्दांचा. मराठीच्या अभिमानापोटी मी हे बरीच वर्षं टाळलं. पण एका दिवाळी अंकात माझ्या लेखाखाली टक्क्यांच्या तीन ओळी छापून आल्या, आणि त्या कोण टाइप करणार, असा प्रश्न पडला. मराठी लेखात असते, वाचकाच्या हातात पोचण्यात असते. जुन्या लेखांचे पत्ते मात्र बदलू नका. ते लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेत.

ब्लॉगरवरून येत असाल तर

ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवत नसे. म्हणून आपल्या सगळ्यांच्या जुन्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे कुठलासा आकडा असे. वर्डप्रेसच्या ब्लॉगर आयातकाने लेख आणले असतील तर प्रत्येक लेखाच्या विशेष रकान्यांत 'ब्लॉगर परमालिंक' नावाने तो जुना पत्ता जपलेला असतो. ती यादी बाहेर काढा, जोड्या आयत्या मिळतात.

२०१२ पासून काही वर्षं भारतातून उघडलेला ब्लॉगस्पॉट डॉट कॉमचा पत्ता आपोआप डॉट इन होत असे, त्यामुळे त्या काळात फिरलेल्या बहुतेक लिंका डॉट इनच्या आहेत. २०२० मध्ये ते डॉट इन नाव गुगलकडे राहिलं नाही. त्या लिंका तुमच्या कुठल्याही नियमाने जोडता येणार नाहीत. वाचकाला इनच्या जागी कॉम करून बघायला सांगा, आणि त्यासाठी जुना ब्लॉग काढून न टाकता तसाच राहू द्या.

मजकूरच बिघडला तर

लिंक उघडली, पण आत मराठी नाही. इथे दोन चित्रं दिसतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून चार टोकांचं गोल चिन्ह, अशी जोडी ओळभर दिसत असेल तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या लिपीसंचात वाचले जातायत. लेख साठवणारा डेटाबेस आणि त्याची जोडणी यांचे लिपीसंच एकमेकांशी नीट जुळवले की बहुधा मजकूर परत येतो. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मूळ अक्षरं बहुधा गेली. तिथे दुरुस्तीच्या नादी लागू नका, थेट बॅकअपकडे जा. म्हणून स्थलांतराआधीचा बॅकअप उघडून, त्यात मराठी वाचता येतंय ना, हे डोळ्यांनी बघून मगच पुढे जायचं.

डेटाबेसमध्ये जुनं नाव शोधून नवं घालताना साधी शोध-बदल आज्ञा वापरू नका. विजेट (बाजूच्या पट्टीतले छोटे चौकोन) आणि थीमच्या सेटिंगमध्ये मजकुराशेजारी त्याची लांबीही लिहिलेली असते. नाव लहान झालं, लांबीचा आकडा तोच राहिला, की ते सेटिंग वाचताच येत नाही आणि बाजूची पट्टी रिकामी होते. वर्डप्रेसची कमांड-लाइन किंवा यासाठीच बनवलेलं प्लगइन लांबीसुद्धा दुरुस्त करतं. जीयूआयडी, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळखीचा रकाना, मात्र बदलातून वगळा. तो बदलला की फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप मिळणारी यादी, वाचणाऱ्यांकडे जुने लेख नवे म्हणून पुन्हा जाऊन आदळू शकतात.

मला नवा दिसतो, ताईला जुना

परळला माझ्या घरी नवा ब्लॉग दिसत होता आणि डोंबिवलीत बहिणीकडे जुना. यात बिघाड काहीच नाही. नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या नोंदीला मुदत असते, पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. तोवर ज्याच्या त्याच्या इंटरनेटवाल्याकडे जुनी नोंद राहते. हलवण्याच्या आदल्या दिवशीच ती मुदत ३०० सेकंदांवर आणा. आणि तेवढा दिवस प्रतिक्रिया बंद ठेवा, नाहीतर कुणीतरी मनापासून लिहिलेला परिच्छेद जुन्या डेटाबेसमध्ये पडून कायमचा राहून जातो. माझ्याकडे असे दोन राहिले. बॅकअपमधून शोधून काढून एकेक करून परत चिकटवले.

नव्या थीमबद्दल थोडं

पत्ता आणि रूप एकाच वेळी बदलू नका, मधे निदान तीन आठवडे जाऊ द्या. नाहीतर काय कशामुळे मोडलं ते कळत नाही. थीम बहुतेक रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर सव्वापटीच्या खाली असेल तर रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. मी पावणेदोन ठेवते. आणि ब्लॉगची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. फाँटमध्ये सोय असेल तर मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे दिसतात, आणि आपला लेख आपल्यालाच परका वाटायला लागतो.

गुगलला कळवणं, आणि जुनं नाव सांभाळणं

गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात जुनी-नवी दोन्ही डोमेनं स्वतःच्या नावावर सिद्ध करून 'पत्ता बदल' नोंदवा. त्यासाठी रीडायरेक्ट किमान १८० दिवस चालू हवं, आणि गुगलचा सर्वसाधारण सल्ला निदान वर्षभराचा आहे. माझं मत विचाराल तर जोवर परवडतं तोवर. गुगल वर्षात नवा पत्ता शिकेल, पण दिवाळी अंक कपाटात दहा वर्षं राहतो. जुन्या डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर ते नाव कुणीही घेऊ शकतो, आणि मग आपल्या लेखाच्या लिंकवर काय उघडेल ते आपल्या हातात राहत नाही. मी जुनं नाव एकदम पाच वर्षांसाठी भरून ठेवलंय.

काकांची लिंक फोन आल्यानंतर चौथ्या दिवशी उघडली. मीच त्यांना कळवलं. त्यांनी लगेच ग्रुपवरचा जुनाच संदेश दाबून बघितला, नवी लिंक मागितली नाही. त्यानंतर दर रविवारी मी ४०४ च्या नोंदी वाचते. गेल्या रविवारी 'माहीमच्या किनाऱ्यावरची' हा एक पत्ता तीनदा आपटून परत गेलेला दिसला, अदृश्य जोडचिन्हासकट. तोही जोडला.